मधलं स्टूल

रंग नसलेल्या नेलपॉलिशची बाटली आजही तिच्या आरशापाशी असते. ती दिसली की प्रयोगशाळेतली ती दुपार आठवते, आणि मन कसं हळवं होतं.

"तुमच्याकडे... नेलपॉलिश आहे?" नव्या संशोधकाने विचारलं होतं.

"का? तुम्हाला लावायचंय?"

"मला नाही... पानाला."

त्याचे कान लाल झाले होते. पानाच्या पाठीवर पातळ थर द्यायचा, सुकला की अलगद सोलायचा. पान ज्यांतून श्वास घेतं त्या पर्णरंध्रांचा ठसा त्यावर उमटतो. पहिला ठसा त्याने घाईत फाडला. "अहो, दम धरा जरा!" म्हणत दुसरा तिनेच फुंकर घालून सुकवला.

मग दोघं एकाच टेबलावर काम करू लागली. तो बोलायचा कमी, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. आणि हा मुनी बसताना दोघांमध्ये एक स्टूल हमखास रिकामं सोडायचा.

"मी काय चावते का हो?" तिने एकदा विचारलंच.

"तसं नाही..." तो सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाला. "हे बघा, दोन रंध्रं कधी खेटून नसतात. एक तयार होताना शेजारच्या पेशीला निरोप धाडतं, तू रंध्र होऊ नकोस. खेटली तर नीट उघडमीट होत नाही ना."

एवढं कळतं या माणसाला, आणि एवढंसं कळत नाही! तिला रागही आला, हसूही आलं.

पुढे तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. आईने सामान बांधायला घेतलं. मुनी आज बोलला नाही तर कधीच नाही, हे शेवटच्या दिवशी तिला कळून चुकलं होतं.

संध्याकाळी त्याने तिच्यापुढे एक ठसा सरकवला. त्यात रंध्रं जोडीजोडीने खेटून बसली होती.

"या झाडात निरोप पोचतच नाही," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, बिघडलंय, टाकून द्या. मी नाही टाकलं. पाणी जरा जास्त लागतं, पण... जगलंय."

"बरं, मग?"

"मग... म्हणजे..."

"अहो, थर सुकवायचा तरी किती? तडकेल आता!"

तो उठला. मधलं स्टूल उचलून त्याने दाराशी ठेवलं आणि तिच्या अगदी शेजारी येऊन बसला.

"जाऊ नका असं नाही म्हणणार," तो हळूच म्हणाला. "पण... मी आलो तर चालेल?"

तिचे डोळे भरून आले.

"या. आणि येताना नेलपॉलिश आणा. माझी बाटली तुम्ही कधीच संपवलीत."