दुकानात लागणारा ब्रेक

"दाब! आणखी दाब! सगळा जोर लाव, वच्छे!"

वच्छला ब्रेकच्या पायपट्टीवर अक्षरशः उभी राहिली. स्टँडवर चढवलेल्या मोटारसायकलचं मागचं चाक तिच्या आबांनी गरगरा फिरवलं होतं. ते खाडकन जागच्या जागी थांबलं.

"लागला! आबा, लागला!"

"व्हय, लागला," हिंदुराव मिस्त्री म्हणाले, पण कुणी गेल्याची खबर सांगावी अशा आवाजात. "दुकानात लागतोच की तो. रस्त्यावर लागत न्हाई, तिथंच तर सगळं आडलंय."

भवानी पेठेतल्या त्या पत्र्याच्या दुकानावर गेल्या मंगळवारपासून सुतकी कळा आली होती. मोटारसायकल मानसिंगरावांची. बैलगाड्यांच्या धंद्यावर वर आलेला माणूस. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ही जुनी गाडी हौसेनं घेतली होती. पुढचा ब्रेक नावापुरता, सगळी भिस्त मागच्यावर. आणि तो मागचा ब्रेक दुरुस्त करून नेला, की चार दिवसांत पुन्हा घसरायचा! मंगळवारी सकाळी तो उतारावर दगा देऊन बसला आणि गाडी थेट विणकरांच्या बोळात शिरली.

बोळात मल्लप्पाने ताणा पसरला होता. लुगड्यांचे हजारो उभे धागे बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्यांवर ताणायचे, कुंच्यानं त्यांना खळ पाजायची आणि ऊन चढायच्या आत गुंडाळून न्यायचे, ही तिथली रीत. गाडी त्या ताण्यातून आरपार गेली. ऐन दिवाळीच्या तोंडावर मल्लप्पाचं सगळं सूत मातीत गेलं. माणूस मेलं नाही, एवढंच.

"आता ही शेवटची खेप, हिंदुराव!" मानसिंगरावांनी बजावलं होतं. "पुन्हा ब्रेक लागला नाही, तर ही जागा रिकामी करायची. लोकांच्या जिवावर उठलेला मिस्त्री मला माझ्या जागेत नको!"

जागा गेली की पेठ गेली, पेठ गेली की शाळा गेली. मग वेळापूरला चुलत्याच्या शेतावर. मुलींसाठी पुढची शाळा तिथं कुठली? हे वच्छलेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप लागलं, तेव्हाच तिला वाटलं होतं, की आपल्यापुरतं ते आता उघडतच नाही.

"काका, दिष्ट लागली आसंल गाडीला," गुंडा म्हणाला. हा मैंदर्गीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शाळेसाठी आत्याकडे राहायचा. "आमी मेंढरांवरनं मिरच्या उतरतो, तशा उतरू का?"

"आधी तुझ्यावरून उतर!" खिडकीतून आवाज आला.

मल्लप्पाची लेक नागम्मा खिडकीच्या चौकटीवर पाय मुडपून बसली होती. बापाला ती तेलुगूत 'नान्ना' म्हणायची.

"नागे! तू आलीस?"

"आले कुठं? नान्नाने सांगितलंय, मिस्त्रीच्या दारात पाऊल टाकायचं नाही. म्हणून मी खिडकीत बसलेय. खिडकीचं तो काही बोलला नाही!"

गुंडा खो-खो हसला. हिंदुराव हसले नाहीत. ते चाकाकडे बघत राहिले, आजारी पोराच्या उशाशी बसल्यासारखे.

"आबा, नेमकं बिघडतंय काय?" वच्छलेनं विचारलं.

"हे बघ. चाकाच्या मधोमध हा लोखंडी डबा. आत हे दोन अर्धे चंद्र. ब्रेक दाबला की ते फाकतात अन् डब्याला आतून घासतात. घासायला अंग खरबरीत पाहिजे, कोरडं पाहिजे. मी दर खेपेला उघडतो, तर आत तेलाचं तळं! पेट्रोलनं धुतो, कानशीनं घासतो, तेल आडवायची नमद्याची चकती तर दोनदा बदलली. तरी पुन्हा तळं! कुठनं येतंय त्ये तेल, मला उमजंना झालंय."

"मालकांना विचारलंत?"

"विचारलं की. 'मी गाडीला बोटसुद्धा लावत नाही,' म्हणाले." हिंदुरावांनी स्वतःचे हात उताणे करून पाहिले. "हातातलं कसबच गेलं बघ माझ्या."

आबांना चिडलेलं वच्छलेनं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं. असं विझलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"मालक बोट लावत न्हाईत," गुंडा हळूच म्हणाला, "मंग दुसरं कुनीतरी लावतंय!"

संध्याकाळी मानसिंगराव गाडी घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तिघं मानसिंगरावांच्या वाड्यामागच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीआड दडून बसली.

"शिंकू नकोस!"

"मी कुटं शिंकतोय? तुझीच वेणी माज्या नाकात चाललीय!"

"श्श! आले!"

स्वतः मानसिंगरावच आले होते. अंघोळ झालेली, कपाळाला गंध. त्यांनी गोठ्यातल्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मग मोटारसायकलपुढे उभं राहून हात जोडले. मग खुंटीवरचा बांबूचा नळा काढला. गाडीवान आपल्या गाडीखाली टांगतात, तसलाच वंगणाचा नळा! चाकाच्या मध्याला तेल घालायचं इवलंसं झाकण उघडून त्यांनी एरंडेल ओतायला सुरुवात केली. ओतताहेत, ओतताहेत... आस भरून तेलाचा थेंब खाली जमिनीवर टपकला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोर सापडला होता आणि चोराला आपण चोर आहोत, याचा पत्ताच नव्हता!

पण वच्छलेनं धावत जाऊन सांगितलं, तेव्हा हिंदुरावांनी नुसती मान हलवली. "मालक न्हाई म्हणाल्यात, पोरी. आता माझी पोर न्हाईला व्हय म्हणती, आसं सांगत फिरू? लोक म्हणतील, आपलं पाप झाकाय पोरीला पुढं केलं."

"पण आबा, मी डोळ्यांनी..."

"जा तू. खेळ जा."

खेळ! वच्छला मारुतीच्या पारावर जाऊन गुडघ्यांत डोकं घालून बसली. खरं काय ते ठाऊक असून ते कुणाच्या कानात शिरत नाही, यासारखी दुसरी घुसमट नाही.

"रडून काय तेल वाळणारे?" नागम्मा म्हणाली खरी, पण तिचाही आवाज ओला होता. "नान्ना आता दुसऱ्याच्या सुताला खळ पाजतो. मजुरीनं. मी रडते का?"

गुंडा मारुतीकडे टक लावून बघत होता. एकदम तो उठला. "ए! ह्यो शेंदूर तेलातच कालवत्यात न्हवं?"

"मग?"

"मंग नळ्यात टाकू! ब्रेकच्या डब्यात केशरी तेल निघालं, तर ते कुटनं आलं, हे आंधळ्यालाबी दिसंल!"

"गुंडा!" दोघी एकदम ओरडल्या. "अरे, तुला डोकं आहे!"

"हाय की. लई दिवसांपासनं हाय."

मारुतीची मनोमन माफी मागून त्यांनी पुडीभर शेंदूर उचलला. मानसिंगराव जेवायला बसले होते, तेवढ्यात गुंडानं तो नळ्यात ओतून काडीनं ढवळला. बेत सोपा होता. उद्या सकाळी तेल घातलं रे घातलं, की आबांना हाताला धरून आणायचं आणि गाडी रस्त्यावर निघायच्या आत डबा उघडायला लावायचा.

सकाळी मानसिंगरावांनी अर्ध्या उजेडात तेल घातलं. नळ्यातल्या रंगाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. गुंडा आणि नागम्माला गाडीवर नजर ठेवायला सांगून वच्छला वाऱ्यासारखी धावत घरी आली. आणि दारातच थबकली.

आबा हत्यारं पोत्यात भरत होते. एकेक पाना पुसून, फडक्यात गुंडाळून.

"वेळापूरला जाऊ," ते म्हणाले. "त्यांनी हाकलायच्या आधी आपणच गेलेलं बरं."

"आबा, चला! आत्ताच्या आत्ता चला! डबा उघडून बघा!"

"पुरे झालं, वच्छे. आता न्हाई माझ्यात दम."

तेवढ्यात लांबून फटफट आवाज आला. गाडी निघाली होती!

कालचं तेल, आजचं तेल... आणि आपण गप्प बसून ते घालू दिलं! पुरावा मिळवायच्या नादात एवढं सुचलंच नाही, की आबा आले नाहीत, तर ब्रेक रस्त्यावर निकामी होणार आहे. आणि उताराच्या तळाशी बोळ. आणि बोळात आजही ताणा!

"आबा, गाडी थांबणार नाही!" ती किंचाळली आणि पळत सुटली. तिच्या आवाजात असं काही होतं, की हिंदुराव हातातल्या पान्यासकट तिच्यामागे धावले.

उतारावर मानसिंगराव पायपट्टी दाबत होते. गाडी दाद देत नव्हती. घाबरून त्यांनी क्लचही आवळून धरला होता, त्यामुळे ती आणखीच मोकाट सुटली. "सरका! सरका!"

नागम्मा घरांमागच्या वाटेनं बोळात आधी पोचली. "एत्तंडी! एत्तंडी!" ती तेलुगूत जीव खाऊन ओरडली. "उचला! नान्ना, ताणा उचला!"

मल्लप्पानं एकदाच वर पाहिलं आणि कैची लाथेनं उडवली. बायाबापड्या, म्हातारे, पोरं, ज्याच्या हाताला जे लागलं ते धरून सगळ्यांनी ओला ताणा डोक्यावर उचलून धरला आणि भिंतींना पाठी टेकल्या. पांढऱ्या धाग्यांचा मांडवच झाला बोळभर! मानसिंगरावांनी हँडलवर नाक टेकलं आणि मांडवाखालून गाडी सूं करत निघून गेली. टोपी तेवढी वर खळीला चिकटून राहिली!

बोळाच्या दुसऱ्या तोंडाशी कडब्याची बैलगाडी उभी होती. गुंडानं तिच्यावरच्या पेंढ्या भराभरा खाली ओढून रस्त्यात ढीग घातला होता. मोटारसायकल त्यात घुसली, आडवी झाली, थांबली.

ढिगातून मानसिंगराव बाहेर आले ते बोट रोखूनच. "हिंदुराव! पाहिलंत? हा तुमचा ब्रेक!"

हिंदुरावांनी वच्छलेकडे पाहिलं. मग मांडी घालून बसले आणि ताणा धरून उभ्या राहिलेल्या सगळ्या बोळासमोर चाक काढून डबा उघडला.

आतून तेल ओघळलं. केशरी. लखलखीत केशरी!

"शेंदूर?" मानसिंगराव चक्रावले. "माझ्या चाकात?"

"तुमच्याच वंगणाच्या नळ्यातला आहे, काका," वच्छला म्हणाली. "आम्हीच टाकला. आणि गाडी निघायच्या आत तुम्हाला अडवलं नाही, ते आमचं चुकलं."

"अगं, पण मी गाडीला हात लावत नाही! वंगण... वंगण घालणं म्हणजे काय हात लावणं झालं? आमचा बाप सांगायचा, कोरड्या आसाची गाडी जुंपली तर बैलाचा तळतळाट लागतो. भुईवर थेंब पडेस्तोवर ओतायचं!"

"बैलगाडीचा ब्रेक म्हंजे बैल, मालक," हिंदुराव शांतपणे म्हणाले. "तो पुढं असतो. ह्या गाडीचा ब्रेक आसाला खेटून बसलाय."

मानसिंगराव खाली बसले. त्यांनी त्या केशरी ओघळात बोट बुडवून पाहिलं. "मल्लप्पा," ते शेवटी म्हणाले, "तुमचं सूत मी मातीत घातलं. ह्यांनी नाही. ते मी भरून देईन. आणि हिंदुराव, जागेचं बोललो ते विसरा. ह्या पोरांनी आज मला माणसं मारण्यापासून वाचवलं. मोठ्यांना जे दिसलं नाही, ते ह्यांनी पाहिलं!"

धागे शेजारणींच्या हाती देऊन दोघी बायांनी गुंडाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तो मेंढरासारखा लाजला. वच्छलेला मात्र हसू फुटेना. नवं सूत येईल, पण मंगळवारचा ताणा कुणाच्या कबुलीनं परत जुळणार नव्हता. नागम्माच्या घरातली दिवाळी गेली ती गेलीच होती. आणि आबा अजूनही लांबच उभे होते, ताण्याच्या बाहेर, परक्यासारखे.

मल्लप्पा त्यांच्याकडे वळला.

"बघत काय उभे राहिलात, मिस्त्री?" तो खेकसला. "आमचे हात भरून आलेत. खळ वाळतीय! ते टोक धरा!"

हिंदुराव धावले.

"थांबा!" नागम्मा मध्ये आडवी आली. "आधी हात धुवा, काका! तो शेंदूर आमच्या सुताला लावलात, तर मारुतीच लुगडं नेसायला यायचा!"

आणि त्या सकाळी पहिल्यांदाच हिंदुराव मिस्त्री हसले.