झोपाळ्यावरचा ठसका

कुणी हसलं तरी चालेल, पण ही गोष्ट खरी आहे. ठाण्याच्या कोपरीतल्या माया साळवीच्या बाबतीत घडलेली. गेल्या फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे तीन, आणि जागा दिंडोरीजवळचा एक नवाकोरा बंगला.

बंगला तिच्या धाकट्या दिराचा, सुमितचा. तिकडच्या वाइनच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि कोपरीच्या दोन खोल्यांतून तो बायकोला, प्राचीला घेऊन थेट द्राक्षबागांत राहायला गेला.

मायाचा नुसता जळफळाट झाला. अकरा वर्षं त्या दोन खोल्यांत सगळ्यांचं केलं तिने, आणि झोपाळ्यावर बसणार प्राची.

वास्तुशांतीला ती गेलीच नाही. ताप आल्याचं सांगितलं.

पण प्राचीने घराचा व्हिडिओ पाठवला होता. तो ती रोज जेवणानंतर आडवी पडून बघायची. फाटक, ओटा, पितळी कड्यांचा झोपाळा, निळ्या फरशीचं स्वयंपाकघर. बघता बघता डोळा लागायचा.

फेब्रुवारी लागला आणि प्राचीचा फोन आला. तिला सातवा महिना चाललेला, आवाज पार खोल गेलेला.

“ताई, तीन वाजले की झोपाळा हलतो. मग कपाटं उघडतात. मी खंगत चाललेय. बाळाचं काय होईल? एकदा याल का?”

मायाला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि ती निघाली.

फाटकाशी शेजारच्या बागेत काम करणाऱ्या मंदाकिनीबाई उभ्या होत्या. मायाने त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. बाई मात्र ओळखीचं हसल्या.

“आज रस्त्यानं आलात का ताई? रोज तर बागेतून येता.”

मायाने फाटक ढकललं.

आत प्राची... नुसती हाडं आणि पोट. तिने मायाचा हात धरला. दृष्ट तुम्हीच काढा म्हणाली, घरात मोठं दुसरं कोण आहे.

मायाने मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या आणि ओवाळायला लागली. आल्यागेल्याची, शेजारणीची, वाटसरूची, भुताखेताची... सगळ्यांची नावं घेतली.

जावेचं तेवढं घेतलं नाही. जीभच वळली नाही.

मिरच्या शेगडीतल्या निखाऱ्यांवर पडल्या. तडतडल्या. धूर उठला.

वास नाही.

ठसका नाही.

दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

तेवढ्यात बाहेर झोपाळा करकरला...

आणि कोणीतरी खोकलं.

कोरडा, दोनदा तुटणारा खोकला. कोपरीच्या खोल्यांत प्राचीने तो पाच वर्षं ऐकला होता.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “हा तर तुमचा खोकला.”

ओट्यावर कोणी नव्हतं. झोपाळा मात्र हलत होता.

माया त्याच संध्याकाळी ठाण्याला परतली. व्हिडिओ पुसून टाकला. एप्रिलमध्ये प्राचीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हापासून माया दुपारी पाठ टेकत नाही. उगाच भांडी घासते, भर उन्हात टेंभी नाक्यापर्यंत चालून येते.

परवा भाजी निवडता निवडता मात्र पाच मिनिटं डोळा लागला...

फोनने जाग आली. तीन वाजून गेले होते.

“ताई,” प्राची विचारत होती, “तुम्ही आत्ता झोपला होतात का?”

तिच्या आवाजामागे पाळण्याच्या कड्या वाजत होत्या.