आखाजीला दवाखान्यात कोण गेलं होतं?

"कोणलेच सांगू नको. नाव न लेता बी नको."

रत्नाने हे बजावलं तेव्हा सारिका हसली होती. नावच घेतलं नाही तर कुणाला काय कळणार? आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दिवस होते. खान्देशात त्या सणाला लेकी माहेरी जाऊन झोक्यावर बसतात. रत्ना मात्र पारोळ्याचं माहेर सोडून जळगावात मैत्रिणीजवळ, सारिकाजवळ, राहिली होती. सारिकाला बाळंत होऊन नऊच दिवस झाले होते.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी रत्नाच्या नवऱ्याचा, नवलचा, नशिराबादहून फोन आला.

"ताई, ती तुमच्याकडे आहे?"

"नाही. का?"

"काल दुपारपासून घरात नाही. फोन बंद. दोन्ही पोरी इथंच आहेत."

सारिकाने सवयीने पाळण्यात वाकून बाळाचा श्वास पाहिला. मग काय झालं ते विचारलं. नवल म्हणाला, कालची पुरवणी वाचा.

अर्धं पान भरून एक निनावी पत्र होतं. मथळा: 'माझ्या कळीची गुन्हेगार मीच'. लिहिणारी जळगावजवळच्या, हायवेवरच्या गावातली अंगणवाडी सेविका, जुळ्या मुलींची आई. आखाजीला माहेरी न जाता, नवऱ्याला अंधारात ठेवून, तिने जळगावच्या दवाखान्यात सातव्या आठवड्यात बाळ काढून टाकलं होतं. 'त्याने आतून मारलेली शेवटची लाथ मला अजून झोपू देत नाही.' गर्भपात हा शब्द कुठेच नव्हता. 'बाळ' अकरा वेळा होतं.

नशिराबादला जुळ्या मुलींची आई असलेली सेविका एकच होती; नाव छापायची गरजच नव्हती.

तासाभरात नवल येऊन बसला. पाणीही घेतलं नाही.

"नवलभाऊ, जानेवारीतलं तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत म्हणजे? मीच तिला धुळ्याला नेलं. तिसरं नको, हे आमचं दोघांचं ठरलेलं."

"मग?"

"मग हे आखाजीचं काय? जळगावचं काय? तेव्हा ती इथं होती. मला न सांगता दुसऱ्यांदा का जावं लागलं तिला? कुणाचं..."

वाक्य त्याने अर्ध्यावर सोडलं. काल रत्नासमोर ते पूर्ण केलं होतं.

आखाजीला ती इथे दुपटी धूत होती, एक दिवसही दवाखान्याकडे फिरकली नाही, असं सारिका पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "तुम्ही तिची मैत्रीण," तो म्हणाला. "तुम्ही हेच म्हणणार."

सारिकाला स्वतःचाच राग आला. खरं बोलूनही ते पोचत नव्हतं, आणि अर्ध्या पानाचं खोटं एका दुपारीत गावभर पोचलं होतं.

पत्र कुणी लिहिलं? धुळ्याचा दवाखाना जळगावचं नाव कशाला घालेल? नवलला आखाजीचं ते पुरवणीतूनच कळलं होतं. रत्नाच्या आईला, इंदिराबाईंना, एवढंच माहीत की लेक सणाला आली नाही. ज्यांना खरं माहीत होतं, त्यांना धुळे आणि जानेवारी माहीत होतं. लिहिणाऱ्याला वेगळंच काही ठाऊक होतं.

 सारिकाने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि नवलला म्हणाली, चला.

पुरवणीचे संपादक कुंदन सर ऑफिसातच होते. जूनमध्ये सारिकाने त्यांच्याकडे एक लेख दिला होता: गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची सही कायद्याला पुरते, नवऱ्याची लागत नाही. चहावर बराच वाद झाला होता. लेख कोरडा आहे, जिवंत उदाहरण हवं, असं म्हणून त्यांनी तो परत केला होता.

"सर, मूळ पत्र दाखवा."

"पोस्टाने आलं होतं. छापून झालं की आम्ही फाडतो. गुप्तता पाळावी लागते."

"अक्षर बाईचं होतं?"

"बाईचंच. रडत लिहिलेलं. कागदावर डाग होते."

"घरी वहिनींना वाचायला दिलं होतं?"

"त्याचा काय संबंध?"

"सातव्या आठवड्यात लाथ बसत नाही, हे त्यांनी सांगितलं असतं. मला पहिली हालचाल पाचव्या महिन्यात कळली, तोवर रोज जीव मुठीत होता. जुळ्यांची आई यात चुकेल? हे पत्र बाईने लिहिलेलं नाही."

कुंदन सर पेनाशी चाळा करत म्हणाले, पाठवणाऱ्याने थोडं वाढवून लिहिलं असेल.

"पाठवणारा कुणी नाहीच." सारिका नवलकडे वळली. "भाऊ, आखाजी आणि जळगाव हे खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे. जूनमध्ये सरांनी उदाहरण मागितलं. मी नाव घेतलं नाही. ओळख पटू नये म्हणून धुळ्याचं जळगाव केलं, संक्रांतीनंतरची गोष्ट आखाजीला नेली. आखाजी सुचली, कारण रत्नाने मला हे सांगितलं ते त्याच दिवसांत. बदललेलं गाव आणि बदललेला सण मी एकाच माणसाला सांगितला. या माणसाला."

नवलने कुंदन सरांकडे पाहिलं.

"नवरा सोबत होता, हेही मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेवढंच सरांनी काढलं."

"नवरा सोबत असता तर कोणी वाचलं असतं?" कुंदन सर चिडून बोलून गेले. मग आवाज खाली आणत म्हणाले, "आणि नाव तर आम्ही कुठंच दिलं नाही."

सारिकाच्या हातातलं बाळ रडू लागलं. नावच घेतलं नाही तर काय कळणार, असं तिनेही आखाजीला मनात म्हटलं होतं.

नवलने तिथूनच पारोळ्याला फोन लावला. कालपासून इंदिराबाई 'इथं नाही' म्हणत होत्या. तो म्हणाला, "माझं चुकलं, अक्का." तेव्हा त्या बोलल्या. रत्ना इथंच आहे, पण भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवत नाही. तो घरून मुलींना घेऊन पारोळ्याला गेला.

नवल पोलिसांत जाईल, असं सारिकाने म्हटल्यावर कुंदन सरांनी खुलासा छापायचं कबूल केलं. पुढच्या रविवारी, सातव्या पानावर, केळीच्या रोपांच्या जाहिरातीखाली तो आला. अर्ध्या पानाला एवढंसं उत्तर. मजकूर सारिकाचा होता.

'मागील रविवारचं पत्र कुठल्याही बाईने लिहिलेलं नव्हतं. त्यातला सण, गाव आणि नवऱ्याची गोष्ट खोटी आहे. त्या पत्रामुळे तुमच्या ओळखीतली कुणी दार लावून बसली असेल, फोन उचलत नसेल, तर आज तिच्याकडे जाऊन या. काही विचारू नका, नुसतं जवळ बसा. मी गेले होते. माझ्यासाठी दार उघडलं नाही. तुम्ही जाऊन बघा.'