इरम्माच्या अंगणातली टाकी

उमरग्याच्या एसटी स्टँडबाहेर पत्र्याची एक भली मोठी गोल टाकी चाकासारखी घरंगळत आली आणि इरम्माच्या काठीला टेकून थांबली. ढकलणारा माणूस टाकीआड दिसतच नव्हता.

"दिसत न्हाय का वो?" इरम्मा कावली.

टाकीमागून एक घामेजलेला, हसरा चेहरा बाहेर आला. "टाकी मधी असल्यावर कसं दिसंल? आता दिसलं..." तो जरा थांबला. "चांगलंच दिसलं."

तिनं मान फिरवली. पण गाल तापले होते, उन्हानं नव्हे.

तो उत्तरेश्वर. लोहाऱ्याकडच्या एका दूध संस्थेत कामाला होता. गावोगाव जनावरांसाठी पाण्याच्या टाक्या बसवायचा. ही टाकी बुडाला गळत होती, म्हणून डाग देऊन भोक बुजवायला आणलेली. इरम्मा वडिलांबरोबर दवाखान्यातून परतत होती. बैलगाडीतून पडून तिचा गुडघा मोडला होता. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. रोज कमरेइतक्या पाण्यात बसून पाय हलवा, नाहीतर तो असाच राहील, असं डॉक्टर म्हणाले होते.

"कमरेइतकं पाणी कुठून आणू?" तिचे वडील गुंडप्पा हताश होऊन म्हणाले. "गावाला ना नदी, ना तळं. पोरीला विहिरीत सोडू का?"

उत्तरेश्वरनं टाकीवर थाप मारली. "ही हाय की, आप्पा. चेअरमनला मी इचारतो."

संक्रांत झाली आणि टाकी अंगणात आली. उत्तरेश्वरनं जमीन सपाट केली, दगड वेचले, वर वाळू अंथरली. "खाली खडा राहिला तर बूड फुटतंय," तो म्हणाला. खालच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचं वायसर लावून बूच घट्ट बसवलं. विहिरीवरून इंजिननं पाणी आलं. कडेनं आईचं लुगडं आडोशाला बांधलं. आई, धुरपदाबाई, जवळच ज्वारी पाखडत बसली.

इरम्मा पाण्यात उतरली आणि शहारली. "गार हाय वो!"

"मग चूल लावू का खाली?" लुगड्यापलीकडून आवाज आला.

"तुमीच बसा चुलीवर."

धुरपदाबाईचं सूप क्षणभर थांबलं. मग पुन्हा हलू लागलं.

उत्तरेश्वर आठवड्याला यायचा. कडेचं शेवाळ काथ्यानं घासायचा, चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकायचा, वर पोत्याचं झाकण ठेवायचा. पाय धुतल्याशिवाय आत उतरायचं नाही, असा त्याचा दंडक होता. जुनं झालेलं पाणी पपईच्या झाडांना जायचं. काम लवकर उरकायचं... बोलणं मात्र उरकायचं नाही. एक दिवस पाण्यात गुडघा जरासा वाकला, तेव्हा इरम्मा ओरडली, "वाकला! उत्तरेश्वर, वाकला!" तिनं त्याला नावानं हाक मारली होती. पलीकडे तो लुगड्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "आणिक एकदा म्हण की."

"काय?"

"नाव."

त्या वर्षी पाऊस आला नाही. मृग कोरडा, हस्त कोरडा. दिवाळीला विहिरीत बादली बुडेना. गुंडप्पांनी तरी टाकी रिकामी होऊ दिली नाही. विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी फडक्यानं गाळून आत ओतत राहिले.

एका सकाळी शेजारच्या सिताबाईची गाय दावं तोडून आली आणि टाकीचा ओलसर पत्रा बाहेरून चाटू लागली. जीभ खरचटली तरी थांबेना. इरम्मा बघत राहिली. मग लंगडत गेली आणि तिनं पोत्याचं झाकण ओढून काढलं. गाय प्यायला लागली. मागून दुसरी आली, तिसरी आली.

उत्तरेश्वर आला तेव्हा टाकीच्या बुडाशी नुसता गाळ होता.

"टाकी वेशीत न्या," इरम्मा म्हणाली. "टँकर येईल तवा जनावरांला पाणी धराया होईल."

"आणि गुडघा? अर्धाच वाकतोय अजून."

"गुडघ्याला तहान लागत न्हाय."

तो कडेला बसला. आज त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "इरम्मा, घरी तुझं सांगितलं होतं मी."

ती त्याच्याकडं वळली.

"जात येगळी असून बी आई त्यावरनं बोलली न्हाय. एवढंच म्हणाली... पाणी कोण आणील? दोन कोसावरनं आणावं लागतंय. म्या म्हटलं, मी आणतो. तर म्हणाली, तू दिसभर संस्थेत, मी म्हातारी." त्यानं टाकीच्या कडेचं वाळलेलं शेवाळ नखानं खरवडलं. "तामलवाडीची पोरगी ठरवली हाय. संस्था बी मोडायला आलीय. जनावरंच राहिली न्हाईत तर दूध कशाचं? आईम्होरं... मला न्हाय म्हणता आलं न्हाय."

पपईची पानं वाळून अंगणात पडली होती. इरम्मानं एक उचललं, चुरगाळलं.

"पोरगी... दोन घागरी आणती का?"

"व्हय."

"मग चांगली हाय," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी तिनं वाक्य पुरं केलं. "एक सांगा. मी धडधाकट असते तर?"

"तू हाय तशीच पायजे होतीस मला," तो म्हणाला. "पैल्या दिसापासनं."

हे त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. ते इतकं उशिरा आलं, की ती रडायचंही विसरली.

त्यानं टाकी उभी केली. ती जड होती, एकट्याला तोल सावरेना. इरम्मानं काठी भिंतीला लावली आणि दुसऱ्या बाजूनं हात दिला. दोघांनी मिळून ती वेशीपर्यंत नेली. तो पुढं, ती मागं, मधी पत्रा. एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता. तिनं पुढं होऊन बघितलं नाही.