फक्त विवाहित जोड्यांसाठी

हळदीच्या मांडवात डीजेने नव्वदच्या दशकातलं ते धडधडतं इंग्रजी गाणं लावलं आणि अंबरनाथच्या त्या अंगणात एकही माणूस बसून राहिला नाही. शब्द कुणालाच कळत नव्हते, पण त्यावाचून अडलंय कुणाचं? स्वप्नालीही हात वर करून नाचत होती. नाचता नाचता ती गर्रकन वळली, टाळी वाजवली आणि थांबली... गाणं मात्र सुरूच! तिने जीभ चावली. समोर पाहते तर काय, गालाला हळद फासलेला एक उंच तरुण तसाच टाळी वाजवून थांबलेला.

"कॅम्प तीन?" त्याने विचारलं.

"कॅम्प तीन," ती हसली. "साठ मिनिटांची कॅसेट."

"आमच्या पप्पांची. गाणं अर्धं आणि टेप खतम!"

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एक शेठ मागाल ती गाणी कॅसेटमध्ये भरून द्यायचा. त्याची मूळ टेप एकच, त्यामुळे ती कॅसेट ज्या ज्या घरात गेली, तिथे ते गाणं त्याच जागी तुटायचं. इतकी वर्षं झाली तरी या दोघांचे पाय अजून तिथेच अडत होते. प्रेमात पडायला माणसाला याहून मोठं कारण लागत नाही.

त्याचं नाव विनीत. आनंदनगरच्या एका कारखान्यात तो मशीन दुरुस्त करायचा. ती जीन्सच्या वर्कशॉपमध्ये ऑर्डरी सांभाळायची. बदलापुरात जुन्या इंग्रजी गाण्यांवर जोडीने नाचायची स्पर्धा आहे म्हटल्यावर त्याने फॉर्म भरला आणि दोन महिने दर रविवारी दोघं सराव करू लागले. तो तिच्यासाठी पाण्याची बाटली आणायचा, तिचा घसरलेला रुमाल उचलून द्यायचा, तिच्याकडे बघता बघता स्टेप चुकायचा. सगळं करायचा, फक्त एक वाक्य तेवढं बोलायचा नाही.

आणि इकडे घरी ओझरचं स्थळ आलेलं. "रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग बाई, त्यांना किती ताटकळत ठेवायचं?" आईने बजावलं होतं. रविवार म्हणजे स्पर्धेचाच दिवस. विनीतने त्याआधी तोंड उघडलं नाही तर आपण कुणाच्या भरवशावर नाही म्हणायचं, या विचाराने स्वप्नालीचा जीव टांगणीला लागला होता.

स्पर्धेच्या दुपारी ती विनीतसोबत पडद्यामागे उभी होती. आजूबाजूच्या सगळ्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र पाहून तिला जरा नवल वाटलं. मग तिची नजर भिंतीवरच्या फलकावर गेली. 'फक्त विवाहित जोड्यांसाठी.' तेवढ्यात निवेदिकेचा आवाज घुमला, "पुढची जोडी... श्री. विनीत आणि सौ. स्वप्नाली!"

पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं. तिसऱ्या रांगेत आई बसली होती, आणि आईच्या शेजारी राजाबाई, ओझरच्या मुलाची आई. मुलगी किती छान नाचते ते दाखवायला आईने त्यांना हौसेने आणलेलं दिसत होतं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सौ. कुणी लिहिलं?" तिने दातओठ खात विचारलं.

"मी... फॉर्मवर तोच एक रकाना होता."

"मग मला विचारायचं ना!"

"विचारायला दोन महिने हिंमत नाही झाली गं," विनीत खाली बघत म्हणाला. "लिहायला एक मिनिट पण नाही लागलं. चुकलंच माझं. मी जाऊन सांगतो, आपण नाव काढून घेऊ."

"थांब!"

रागाने तिचे डोळे भरून आले होते... आणि त्या रागातच तिला हसूही येत होतं. ती तरातरा स्टेजवर गेली, विनीत तिच्या मागोमाग आला आणि तिने निवेदिकेच्या हातातून माइक घेतला.

"दुरुस्ती आहे. सौ. नाही, कुमारी."

सभागृहात कुजबूज सुरू झाली. निवेदिका गडबडली. "अहो, मग हे तुमचे कोण?"

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली आणि माइक विनीतपुढे धरला. हा आताही गप्प बसला तर... तर सगळंच संपलं.

विनीत माइककडे वाकला. "फॉर्म खोटा भरला, माफ करा. पण... पण जे लिहिलं ते मनापासून लिहिलं. मला ही आवडते. हळदीच्या दिवसापासून."

कुणीतरी शिट्टी मारली. परीक्षकांनी जोडी बाद केली, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिसऱ्या रांगेत राजाबाई उठल्या. त्यांनी पदर सावरला आणि आईचा हात हातात घेतला. "अंजनाताई, मुलगी खरं बोलली, बरं झालं. तुमच्यावर आमचा राग नाही." एवढं बोलून त्या बाहेर पडल्या.

आई मात्र सरळ स्टेजकडे निघाली.

"काय रे," आईने खालूनच विनीतला विचारलं, "आईवडील आहेत ना?"

"आ... आहेत काकू."

"मग येत्या रविवारी त्यांना घेऊन ये, रीतसर. आणि पुढचा कुठलाही फॉर्म भरायच्या आधी हिला विचार!"

माइक अजून सुरूच होता. विनीत स्वप्नालीकडे वळला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, कपाळावर घाम.

"स्वप्नाली... सौ. लिहू का?"

तिने मान खाली घातली, मग वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"लिही," ती म्हणाली, आणि ते अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.