चित्रातले दणके

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या भाचीच्या डोळ्यांदेखत घडलंय.

रात्र नव्हती. भरदुपार होती.

पण आमची बबडी बसायची तिथे ऊन पोचत नसे. प्रयोगशाळेचं तळघर. लहानपणी दिवा घालवला की रडून घर डोक्यावर घेणारी ही पोर, आता दिवस दिवस अंधारात काढायची.

काम अजब. सेमीकंडक्टरचा अणूइतका पातळ पापुद्रा घ्यायचा, त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. पलीकडे निघताना झोताची किती ऊर्जा कमी झाली, त्यावरून पापुद्र्यावरची कुठली जागा कोणता प्रकाश गिळते ते कळायचं.

यंत्र आतल्या खोलीत. माणसं बाहेर, पडद्यासमोर. साध्या बोलण्यानेही पडद्यावरचं पापुद्र्याचं चित्र हलतं, म्हणून मध्ये जाडजूड दार. आतला आवाज बाहेर येत नाही. मोजणी चालू असली की आतला पंखासुद्धा बंद.

त्याच खोलीत आदल्या वर्षी यंत्र सांभाळणारे काका गेले होते. पापुद्रा गार ठेवायचा नायट्रोजन गळला, आत श्वास कोंडू लागला. दार अडकलं. काकांनी दार बडवलं... मुठी फुटेपर्यंत.

बाहेर बबडीचे सर बसले होते. पडद्यावर चित्र थडथडत होतं. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं समजून त्यांनी मोजणी चालूच ठेवली.

नंतर दाराला काच बसवली. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. बोलत कोणी नसे.

त्या दुपारी सर आणि बबडी दोघंच होती. आलेख सुरेख उमटत होता. सर खुशीत येऊन म्हणाले, "आता श्वाससुद्धा जपून घे गं."

आणि चित्र हललं...

दणका. थोडं थांबून पुन्हा दणका.

आवाज मात्र... काहीच नाही.

"सर, आत कोणी आहे का?"

"ट्रक असेल," सर म्हणाले. म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले आणि आत गेले.

दार मागे आपोआप लागलं.

बबडीने काचेतून पाहिलं. सरांचं डोकं यंत्राच्या पोलादी खांबावर आपटलं. पुन्हा आपटलं. केस मुठीत धरून कोणी आपटावं, तसं.

आत दुसरं कोणी नव्हतं.

सर रांगत दाराशी आले. दार बडवू लागले. तोंड उघडं होतं, ओरडत असणार. तिला काही ऐकू येत नव्हतं. काचेवर रक्त उडालं. मग पाय धरून कोणीतरी त्यांना मागे खेचलं...

बबडी कडी ओढत होती. दार ढिम्म हलेना. शेवटी तिने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उचललं आणि काचेवर घातलं.

काच फुटली. सरांची किंकाळी बाहेर आली.

त्याबरोबर दार उघडलं.

सर वाचले. एक डोळा गेला, दोन्ही हातांची बोटं मोडली. आतली हवा तपासली, ती चांगली होती. चक्कर येऊन पडलो, एवढंच सर सांगतात.

बबडीने ते काम सोडलं. दार पुन्हा अडकलं, असं लोक म्हणतात. बबडी माझ्याजवळ एकदाच बोलली.

"मावशी, दार अडकलं नव्हतं गं. मी कडी उघडत होते, आणि माझ्या हातावर कोणाचा तरी हात होता. गारढोण. बाहेरच्या बाजूने... तो कडी दाबून धरत होता."

काका जर बाहेर होते, तर मग आत कोण होतं?

मी विचारलं नाही. विचारायचं धाडस अजून होत नाही.