डावीकडची जागा

हे कोणाला सांगू नकोस, असं अण्णांनी मला मघाशीच बजावलं. देवापुढे हात ठेवायला लावला. मी एरवीही फारशी बोलत नाही, त्यामुळे त्यांना माझी खात्री आहे. पण लिहू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील रघुवीर, भोरच्या एका इनामदारांकडे कारकून आहेत. आज दिवेलागणीच्या आधी इनामदारांचा ड्रायव्हर कुंडलिक आमच्या ओसरीवर आला आणि जे बोलला, ते मी खिडकीच्या आडून ऐकलं. त्याचीच ही हकीकत.

इनामदारांना यंदा शर्यतीच्या जातीची मोटार घ्यायची होती, सगळ्या संस्थानात कोणाकडे नसेल अशी. पुण्याच्या व्यापाऱ्याने दोन पाठवल्या, एक निळी आणि एक तांबडी. दोन्ही विलायती आणि दोन्हींत जेमतेम दोन माणसांची जागा. आठ दिवस भोरमध्ये दुसरा विषय नव्हता. निळी वजनदार होती, पण चढावर तिला कधी धाप लागत नसे, आणि तिचं दार मिटलं की दागिन्यांच्या डब्याचं झाकण लागल्यासारखा आवाज येई. तांबडी हलकी, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची. सकाळी सुरू झाली की गल्लीतली कुत्री पळत. सपाटीवर ती निळीला धूळ चारायची, मात्र ओझं घेऊन चढायची वेळ आली की दमायची. वाण्याच्या ओट्यावर ठरलं होतं, की निळी म्हणजे खानदानी सून. तांबडीला ते काय म्हणाले ते मी लिहीत नाही. निळी पाहून लोक मान डोलवायचे. तांबडी पाहून गप्प व्हायचे.

कुंडलिकचा जीव तांबडीवर जडला होता. शिवाय निळी घेतली तर तिच्याबरोबर तिचा पुण्याचा ड्रायव्हर येणार होता, आणि कुंडलिकची बारा वर्षांची नोकरी जाणार होती. शेवटी इनामदारांनीच तोड काढली. कापूरहोळच्या फाट्यावरून भोरपर्यंत आठ मैल एकेक गाडी सोडायची, आणि जी कमी वेळात येईल ती घ्यायची. पण गाडीत माणसं दोन हवीत. मी काही एकटा फिरणार नाही, असं ते म्हणाले.

कुंडलिकने शेजारी चिमाजीला घेतलं. दोघं उत्रोलीचे, एकाच आळीतले. चिमाजी अंगाने थोराड आणि मनाने भोळा. कुंडलिकच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं ते त्यानेच, आणि इनामदारांकडे शब्दही त्यानेच टाकला होता. त्या सकाळी तो हसत बसला होता. "माझ्या वजनानं हरलास, तर मला शिव्या घालू नगंस," असं म्हणाला.

पौषातली सकाळ होती. धुकं असं, की रस्त्याकडेची झाडं अंगावर आल्यावरच दिसत. निळी आधी निघून गेली. मग तांबडी सुटली. पहिले काही मैल ती वाऱ्यासारखी पळाली, आणि चढ लागल्यावर धापा टाकू लागली. कुंडलिकची नजर समोरच्या घड्याळावर होती. बारा वर्षं त्याला डोळ्यांसमोर सरकताना दिसत होती. ओढ्यावरच्या एका मोरीपाशी त्याने गाडी हळू केली आणि चिमाजीला म्हणाला, मागच्या चाकाचा आवाज येतोय, उतरून बघ जरा.

"त्यानं का म्हनून इचारलं न्हाई, अण्णा," कुंडलिक ओसरीवर सांगत होता. "म्या सांगितलं... आन् तो उतरून चाकापाशी वाकला."

आणि कुंडलिकने गाडी सोडली.

मागून एकच हाक आली. "कुंडलिक... थांब की." त्या हाकेत राग नव्हता. आपण चुकून मागे राहिलो असंच चिमाजीला वाटलं असावं. मग पळणारी पावलं ऐकू आली, आणि मग काहीच नाही. कुंडलिकने ठरवलं, की एवढ्या धुक्यात, एवढ्या वेगात कोणाला काय दिसणार. हद्द ओलांडली की सांगायचं, चिमाजी पुढे जाऊन उतरला.

भोरच्या हद्दीवर अण्णा घड्याळ घेऊन उभे होते. मी त्यांच्याजवळच होते. तांबडी आली, अण्णांनी वेळ टिपली, आणि पुढे लिहिलं, दोघे हजर. मीही दोघांना पाहिलं. चिमाजीचं मुंडासं दिसलं, दारावर टेकलेला हात दिसला. फक्त तो समोर पाहत नव्हता. तो कुंडलिककडे पाहत होता.

"शाबास चिमाजी," असं अण्णा ओरडले, तेव्हा कुंडलिकने डावीकडे पाहिलं. जागा रिकामी होती. त्याला वाटलं, अण्णा आपल्याला सांभाळून घेताहेत. पण मग वाणीही तेच म्हणाला, आणि शाळेत निघालेल्या पोरीही.

तांबडी अकरा सेकंदांनी जिंकली.

दुपारी एका गाडीवानाला चिमाजी मोरीखाली सापडला. धुक्यात पळताना कड चुकली होती आणि मान मोडली होती. पण त्याला भोरला पोचलेला साऱ्या गावाने पाहिलेला. मग लोकांनीच जुळवलं, की जिंकल्याच्या आनंदात प्याला असेल आणि परत जाताना पडला असेल. चिमाजीची बायको रतनबाई दारोदार सांगत फिरली, की माझ्या धन्याने जन्मात दारूला हात लावला नाही. लोक मान खाली घालत, पण विश्वास कोणी ठेवला नाही.

त्याला आज सोळा दिवस झाले. इनामदार अजून त्या गाडीत बसलेले नाहीत. रोज सकाळी पोशाख करून बाहेर येतात आणि पायरीवरच थबकतात.

"कुंडलिक, आधी त्याला उतरव," एवढंच म्हणून आत जातात.

कुंडलिकला कोणीच दिसत नाही. फक्त डावीकडच्या बैठकीचं कातडं ओलं लागतं. कितीही पुसलं तरी ओलंच.

हे सगळं सांगून झाल्यावर त्याने अण्णांचे पाय धरले.

"तुमी लिवून द्या, की एकच मानूस बघितला. रतनबाईला खरं कळू दे. माजं काय हुईल ते हुईल."

ओसरीवर गारठा उतरला होता, आणि कुठून तरी ओल्या मातीचा वास येत होता.

"मी दोघं पाहिले, कुंडलिक. त्याखाली माझी सही आहे. ती मी फिरवली तर उद्या मला कोण ठेवील?"

"म्हंजी तो दारुडाच ऱ्हायचा?"

"मेलेल्याला काय फरक पडतो..." अण्णा हळूच म्हणाले.

कुंडलिकने पाय सोडले. फाटकापाशी उभ्या केलेल्या तांबडीजवळ जाऊन त्याने तिच्या डाव्या जागेवर हात ठेवला, आणि तसाच उभा राहिला.

"अण्णा... बघा की. कोन हाय का?"

अण्णांनी कंदील उंच धरला. मीही खिडकीतून पाहिलं. जागा खरंच रिकामी होती.

"कोरडी हाय," कुंडलिक म्हणाला. "उतरला वाटतं..." तो हसला की रडला, ते मला कळलं नाही. गाडी निघून गेली. अण्णांनी सुटल्यासारखा श्वास टाकला, आत आले, आणि मी खिडकीशी दिसले तेव्हा मला शपथ घातली.

आता आई हाक मारते आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही. ती ओसरीवर दिवा ठेवून आली, आणि म्हणते आहे, सरोज, कुंडलिक गेला, पण त्याच्याबरोबरचे ते थोराड पाहुणे अजून बसलेत, अण्णांशी बोलायचंय म्हणतात, जा, त्यांना पाणी तरी नेऊन दे. अण्णा पाटावरून उठलेत. दाराला कडी घालायला हात पुढे करून तसेच थांबलेत, आणि मला खुणेने